मामा बोलले ते चार दिवस

इकडे ये गं, जवळ बस, कागदावरच का होईना. ती पर्स खांद्यावरून काढ आधी. मी जरा रागावणार आहे तुला, ते ऐकून घे, मग चहा टाकते.

गेल्या रविवारी आलीस ती दारातच उभी राहिलीस. पायातली सँडल काढली नाहीस. तुझ्या सासरच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात दिलीस, मला एक मिठी मारलीस, आणि तिथूनच गॅलरीकडे मान वळवून विचारलंस, "मामा, श्रीलंकेला बिबट्या दिसला का?" आणि उत्तर यायच्या आत लिफ्टचं बटण दाबलंस. खाली तुझ्या नवऱ्याची गाडी हॉर्न देत होती, ते मला ऐकू येत होतं. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. तुझे मामा खुर्चीतून उठले. चपला शोधत बसले नाहीत, तसेच अनवाणी दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बिबट्या नाय. हत्ती." कुणाला म्हणाले? बंद झालेल्या लिफ्टला.

मी मागेच होते. म्हटलं, "अहो, मला सांगा ना."

"तुला काय सांगायचं? तू होतीस ना तिथं," असं म्हणून परत खुर्चीत जाऊन बसले.

म्हणून हे कागद घेऊन बसले आहे मी. फोनवर तुला काही सांगायची सोय नाही. तू "हो मामी, हो मामी" करतेस आणि मागे तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. लिहिलेलं निदान रात्री झोपताना वाचशील. माझी शाळा चौथीपर्यंत, ते तुला माहीतच आहे. पुढचं लिहिणं मी कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात शिकले, बंडलांवर चिठ्ठ्या लावता लावता. तेव्हा चुका दिसल्या तर मनातल्या मनात दुरुस्त कर, मला सांगू नकोस.

तुझे मामा पूर्वी कसे होते, हे तुला मी सांगायला नको. शाळेला सुट्टी लागली की तू मांजर्लीला यायचीस आणि दिवसभर त्यांच्या मागे मागे बांधावरून फिरायचीस. कंपनीची पहिली पाळी करून तीन वाजता घरी आले की चहा उभ्याउभ्या प्यायचे आणि शेतात. आणि तोंड? तोंड कधी बंद नाही. बैलांशी बोलायचे, बेडकांशी बोलायचे, माझ्याशी भांडायचे, ते पण शेतातून ओरडून. मी घरात चुलीपाशी आणि हे तिकडून विचारणार, "मीठ घातलंस कं कालच्यासारखं इसरलीस?" सगळ्या आळीला कळायचं आमच्या घरी काय शिजतंय.

त्याच शेतावर आता ही बिल्डिंग उभी आहे आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. सोळा वर्षं झाली. आल्यापासून ह्यांची खुर्ची गॅलरीत. बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". कुणी भेटायला आलं तर "बसा". मला वाटलं वय झालं. मग वाटलं कंपनीतल्या मशीनच्या आवाजानं कान गेले. कानाच्या डॉक्टरकडे नेलं मी. डॉक्टर म्हणाले, "आजी, यांना तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं."

खरं काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला आता सांगते. ज्या वर्षी नदीचं पाणी घरात कमरेपर्यंत आलं, त्या वर्षी तांदळाची कणगी फुगून फुटली होती आणि माझी लेक टेबलावर बसून रडत होती. मी चिखलात उभी राहून ह्यांना म्हटलं होतं, "ही जमीन एक दिवस आपल्याला बुडवणार. देऊन टाका कुणाला तरी." पुढच्या वर्षी ह्यांनी बिल्डरच्या कागदावर सही केली. मग हे गप्प झाले. आता तू सांग, मी काय समजायचं?

तर श्रीलंका. लेकीनं आणि जावयानं ठरवलं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आठ दिवस, दोघांनीच, गाडी आणि ड्रायव्हर सगळं ठरवून. हे म्हणाले, "नको." लेक म्हणाली, "बाबा, तिकिटं काढून झाली." हे म्हणाले, "हं." झालं, एवढीच चर्चा.

मी मात्र हुरळले होते. बॅगा घ्यायला कॅम्प तीनच्या मार्केटात गेले. ज्या बाईच्या कारखान्यात मी बावीस वर्षं जीन्सचे लूप लावले, तिच्या सुनेचं आता बॅगांचं दुकान आहे. ती म्हणते, "दीदी, इस उमर में हनिमून?" मी म्हटलं, "पहिला हनिमून कुठं झालाय माझा? लग्न झालं आणि चौथ्या दिवशी ह्यांची रात्रपाळी." हसून हसून तिनं मला एक छोटी बॅग वरून दिली. ह्यांना एक जीन्स पण घेतली मी तिथून. आयुष्यभर दुनियेच्या जीन्स शिवल्या, घरातल्या माणसानं कधी घातली नाही. पाय मी स्वतः आखूड केले. हे आरशात बघून म्हणाले, "घालायलाच पाहिजे कं?" मी म्हटलं, "पाहिजे."

आणि एक वेडेपणा केला, तो ऐक. बेटावर खायला काय मिळेल, म्हणून मी अर्धा किलो सुकट भाजून, तीन पिशव्यांत बांधून नेली. समुद्रात वसलेल्या देशाला मी अंबरनाथच्या बाजारातली सुकट घेऊन गेले. तिथं गेल्यावर बघते तर रस्त्याच्या कडेला सुक्या मासळीचे ढीग. आपल्यासारखाच भात, आपल्यासारखंच नारळ घालून कालवण, सकाळी नाश्त्याला आपल्या शिरवळ्यांसारख्या शेवया. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे तर आपलंच खाणं." हे म्हणाले, "हं."

पहिले तीन दिवस असेच गेले. आमचा ड्रायव्हर फार चांगला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, सिनेमे बघून हिंदी शिकलेला. "अंकल, ये देखो. अंटी, वो देखो." मी बघत होते. बुद्धाचं देऊळ बघितलं, तिथं गुडघे धरत पायऱ्या चढले. केशरी रंगाची शहाळी प्यायले. हत्तीची अनाथ पिल्लं जिथं सांभाळतात तिथं गेलो. पिल्लं ओळीनं येतात, नळीनं दूध पितात, एखादं परत रांगेत घुसायला बघतं तर राखणदार त्याला ढकलून काढतो. मी इतकी हसले की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. हे मात्र कठड्याला टेकून भलतीकडेच बघत होते. कुंपणापलीकडे पिकलेलं भात होतं, तिकडे.

चौथ्या दिवशी पहाटे अभयारण्यात नेलं. उघडी जीप, अंगाला नुसते दणके. मोर तर इतके की कौतुक संपलं. तळ्याकाठी मगर होती, दगड समजून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दगड चालायला लागला. हरणं, रानडुकरं, आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. म्हशी दिसल्यावर हे जरा सरसावले. ड्रायव्हरनं सांगितलं, "अंकल, ये जंगली है, पालतू नहीं." ह्यांनी बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "शिंगं बघ कशी मागं गेलीत. कासरा कधी लागला नाय त्यांना." चार दिवसांतलं ते पहिलं लांब वाक्य. मी जपून ठेवलं.

बिबट्याचं म्हणशील तर पंधरा जीपा एका झाडाखाली दाटीनं उभ्या होत्या आणि फांदीवरून एक शेपूट लोंबत होतं. शेपटाचा धनी काही दिसला नाही. तेवढा बघितला बिबट्या. झालं तुझं समाधान?

आता खरं सांगते ते ऐक. संध्याकाळी परत हॉटेलकडे निघालो होतो. उन्हं उतरली होती. रस्त्याच्या एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, लोंब्या वाकलेल्या, कापणीला आलेल्या. पुढे चार-पाच गाड्या थांबल्या होत्या आणि माणसं खाली उतरून फोन वर धरून उभी. रानातून एक टस्कर, नाही, सुळे नव्हते त्याला, पण नर होता, रस्ता ओलांडून शेतात उतरला होता. सोंडेनं भात उपटत होता, पायावर आपटून माती झटकत होता आणि तोंडात घालत होता. आमच्या घरी मुळा धुतात ना, तसा झटकून झटकून. सगळे खूश. आमच्या पुढच्या गाडीत एक दिल्लीकडचं कुटुंब होतं. त्यातला माणूस बायकोला सांगत होता, "नॅचरल है, देखो, एकदम नॅचरल." मी पण फोन काढला, खोटं कशाला बोलू.

आणि गाडीचं पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. बघते तर हे खाली उतरलेले. रस्त्याच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाशी लावले आणि हाक घातली. "हाऽऽऽड... हुईऽऽऽ." आपल्या शेतावर रानडुकरं यायची तेव्हाची. तुला आठवत असेल ती, तू घाबरून माझ्या पदरात शिरायचीस. सोळा वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या हातातला फोन पडला.

हत्ती काही डुकरासारखा पळत नाही. तो नुसता थांबला आणि कान पसरून आमच्याकडे बघायला लागला. ड्रायव्हर धावत आला. "अंकल, गाडी में बैठो, ये खतरनाक है, मारेगा." दिल्लीवाला वैतागून म्हणाला, "अंकल जी, फोटो तो लेने देते."

हे त्याच्याकडे वळले. मराठीतच बोलले. "तो खातोय ते कुणाचं तरी वरसाचं खाणं हाय. तुमाला फोटू पायजे?"

त्या माणसाला कळलं नसणार, पण त्यानं फोन खिशात घातला.

आणि तेवढ्यात शेताच्या पलीकडून उत्तर आलं. खाचरांच्या मध्ये एका मोठ्या झाडावर माळा बांधलेला होता, आपल्याकडे राखणीला बांधायचे तसाच. तिथून कुणीतरी हाक दिली. शब्द वेगळा, सूर तोच. ह्यांनी परत घातली, त्यानं परत दिली. मग तिकडून एक फटाका फुटला, मोठा. हत्ती सावकाश, राग आल्यासारखा वळला, एक बांध पायाखाली दाबत रानात शिरला. माळ्यावरून एक माणूस उतरला. लुंगी, डोक्याला फडकं. लांबून त्यानं हात वर केला. ह्यांनी पण केला.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हर दहा मिनिटं ओरडत होता. हे खिडकीबाहेर बघत होते. हॉटेल आलं तेव्हा म्हणाले, "बांध फुटलाय त्याचा. वरच्या खाचरात पाणी हाय. सकाळपर्यंत खालचं उभं पीक भिजंल."

दुसऱ्या दिवशी आम्हाला डोंगरात जायचं होतं, चहाच्या मळ्यांत. माझा जीव त्या मळ्यांत अडकलेला होता. लेकीनं फोटो दाखवले होते, हिरवेगार, गोल गोल कापलेले. मी निळी साडी काढून ठेवली होती फोटोला. आणि सकाळी हे ड्रायव्हरला म्हणतात, "कल वाला खेत चलो."

"अंकल, उधर देखने का कुछ नहीं है."

"मेरे को देखने का है."

मी रुसले. खरंच रुसले गं. म्हटलं, "चाळीस वर्षांत एकदा बाहेर काढलंत, तिथं पण शेतच बघू?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते हात जोडले आणि म्हणाले, "दोन तास दे मला. मग तू म्हणशील तिथं." दोन तासांचा दिवस झाला, पण ते पुढे.

तो माणूस बांधावरच होता. ह्यांच्याच वयाचा, तसाच वाळका. ह्यांना बघितलं आणि हसला, पुढचे दोन दात नव्हते. ड्रायव्हर मध्ये उभा राहून सांगायला लागला की ह्यांना काय हवंय, तर त्या दोघांनी त्याला बाजूलाच काढलं. हे फुटलेल्या बांधाकडे बोट दाखवून मराठीत बोलत होते, तो त्याच्या भाषेत. हे म्हणाले, "नुसती माती टाकून राहणार नाय, पेंढा घाल." तो काहीतरी म्हणाला आणि पेंढा घेऊन आला. मग ह्यांनी मी आखूड केलेली ती नवी जीन्स गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि उतरले चिखलात.

मी कडेला उभी. ओरडणार होते, की डाग निघत नाहीत त्या कापडाचे, मला माहितेय. ओरडले नाही.

त्या माणसाची बायको आली आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेली. छोटं घर, बाहेर फणसाचं झाड. ती नारळ खवायला बसली. तिची खवणी लाकडी पाटाची, आपल्यासारखीच. मी दुसरी वाटी घेतली. दोघी आळीपाळीनं खवत बसलो. ती तिच्या गुडघ्याला हात लावून तोंड वाकडं करायची, मी माझ्या गुडघ्याला. तिनं हत्तीसारखा हात हलवून दाखवला आणि कपाळावर मारला. मी पाण्यासारखा हात वर वर नेऊन कमरेशी ठेवला आणि कपाळावर मारला. समजलं तिला सगळं. मग मला सुकटीची आठवण झाली, गाडीतून पिशवी आणली. तिनं हुंगलं, हसली आणि आतून तिच्या सुक्या मासळीचा डबा आणून दाखवला. अदलाबदल केली आम्ही.

दुपारी जेवायला हे आले तेव्हा कोपरापर्यंत चिखल. आणि बोलत होते. इतकं बोलत होते की घास तोंडात जात नव्हता. "अगं, हे लोक लावणी करत नाय. नुसतं बी फेकतात. मी बोल्लो त्याला, दाट होतं, वाऱ्यानं पडतं. तो बोल्ला..." मी म्हटलं, "तो बोलला ते तुम्हाला कळलं?" म्हणाले, "त्यात कळायचं काय? आळशी हाय, कबूल केलं त्यानं." समोर तो माणूस बोटं चाटत मान हलवत होता. जेवण झाल्यावर दोघं विळे घेऊन गेले, कोरड्या खाचराची एक पट्टी कापून भारे बांधले. संध्याकाळी निघताना त्यानं ह्यांचे दोन्ही हात बराच वेळ धरून ठेवले होते. लोंब्यांची एक जुडी देत होता, पण ड्रायव्हर म्हणाला विमानात नेऊ देणार नाहीत. ह्यांनी ती परत त्याच्याच दाराला बांधली.

मग गाडीत. डोंगराचा रस्ता सुरू झाला आणि हे बोलतच होते. आपल्या शेताचं. उंबराखालचं खाचर, कोंडीतलं, लांबडं, नदीकडचं. कुठं पाणी आधी यायचं, कुठल्या बांधाला खेकडे भोकं पाडायचे. आमच्या आत्ताच्या घराचं स्वयंपाकघर लांबड्याच्या अगदी डोक्यावर आहे आणि पार्किंगमध्ये खळं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सोळा वर्षं मी त्या ओट्याशी उभी आहे. मला वाटायचं हे गॅलरीतून गाड्या बघतात.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते. म्हटलं, "मी बोलले म्हणून दिलीत ना जमीन?"

हे थांबले. मला वाटलं आता परत कुलूप लागलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"तू बोललीस त्याच्या आधीच ठरलं होतं," हे म्हणाले. "थोरल्या भावानं बिल्डरला शब्द देऊन टाकलेला. मला सहीला कागद आणला तेव्हा कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? कसणारा मी, आणि मला कुणी इचारलं नाय, हे सांगू?" मग म्हणाले, "तुझं ऐकून दिली असं लोकांना वाटलं तर बरं होतं. बायकोचा ऐकणारा म्हणतील. घरात भाऊ जमेला धरत नाय, असं तरी नाय म्हणणार."

हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिचा तो थोरला भाऊ आहे, तिला लागेल, आणि आता त्याचं वय पण झालंय. तुला सांगितलं ते तू आमच्या जवळची म्हणून.

मला राग आला का? आला ना. दोन वळणं मी बोलले नाही. सोळा वर्षं मी मनातल्या मनात मान खाली घालून ह्या माणसाला चहा दिला, आणि ह्याला माहीत होतं. मग तिसऱ्या वळणावर मला गाडी लागली, ओकारी आली, ह्यांनी माझं डोकं धरलं आणि म्हणाले, "रागानं ओकतेस कं घाटानं?" मी म्हटलं, "दोन्हीनं." आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून हसत होतो. ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन बावळटासारखा उभा.

चहाचे मळे बघितले मी. दुसऱ्या दिवशी, अंधारात पोचल्यामुळे. निळ्या साडीतला फोटो आहे, दाखवीन. पण तुला खरं सांगू, मळे मला नीट आठवतच नाहीत. हे शेजारी उभे राहून काय म्हणाले ते आठवतं. म्हणाले, "एवढ्या उतारावर माती धरून ठेवली, बाईमाणसांच्या पाठी मोडल्या असतील." शेवटच्या दिवशी समुद्रावर गेलो, तिथं काय म्हणाले ते आठवतं. तिथं ह्यांनी मला वाळूत बसवलं आणि तरुणपणी रात्रपाळीला जाताना काय काय वाटायचं ते सांगितलं. ते मी तुला लिहिणार नाही, ते माझं आहे. चार दिवस, गं. चाळीस वर्षांत मला नवरा सलग चार दिवस मिळाला, दुसऱ्या देशात.

परत आलो. दार उघडलं, हे गॅलरीत गेले, खुर्चीवरची धूळ झटकली आणि बसले. पहिले काही दिवस अधूनमधून बोलायचे. होळीपर्यंत "हं" आणि "नको" वर आले.

मी काय काय केलं नाही. नारळाची तिकडच्यासारखी लाल चटणी करून बघितली. फोटो दाखवले. एक दिवस रिक्षा करून बारवीच्या रस्त्याला नेलं, म्हटलं तिकडे अजून शेतं आहेत. हे उतरले, बघितलं. शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि दगड पुरलेले, प्लॉटचे. "चल," म्हणाले. रिक्षावाल्यानं रिक्षाचं तोंडसुद्धा वळवलं नव्हतं अजून.

लेक म्हणते, आई, परत पाठवू का तुम्हाला? मला श्रीलंका नको. हत्ती बघितले, मगर बघितली, पोट भरलं. तो माणूस हवाय मला. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते आणि कान गॅलरीकडे लावून असते. शेजारच्यांच्या टीव्हीतला माणूस बोलला तरी मी उठून बघते.

परवा त्या ड्रायव्हरनं फोनवर व्हिडिओ पाठवला. तो शेतकरी शेतात उभा आहे, पुढच्या हंगामाचं हिरवं कोवळं रोप, आणि फोनकडे तोंड करून तो काहीतरी सांगतोय. तिकडे हात करून, रानाकडे. ह्यांनी चार वेळा बघितला. चौथ्या वेळी म्हणाले, "किती दाट फेकलंय."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. "मग? दाट झालं की काय होतं?"

"सांगितलं ना तुला तिथं," म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

इथं माझं चुकतं. माझं माहेर मोरिवलीचं. माझ्या बापाची जमीन कंपन्यांच्या भिंतीत गेली ती माझ्या जन्माआधी. मी ह्या घरात आले तरी भाकऱ्या थापल्या आणि जीन्स शिवल्या, चिखलात उतरले नाही. मला दुसरा प्रश्न सुचत नाही गं. पहिलं विचारते आणि अडकते. आणि मला सांगून झालंय सगळं, ह्यांच्या मते. तुझ्या सगळ्या सुट्ट्या त्या शेतात गेल्या. तुला लांबडं कुठलं आणि कोंडीतलं कुठलं ते माहीत आहे. तू विचारलंस की ते खरंच सांगतील, कारण तू तिथं नव्हतीस आणि तुला त्यातलं कळतं. बंद लिफ्टला सांगायला उठले होते, समोर तू असतीस तर बसले असते का सांगायला? बसले असते. मला खात्री आहे.

बिबट्याचं नको विचारू. बांध कसा बांधला ते विचार. पेंढा आधी घालायचा की माती, ते मुद्दाम चुकीचं सांग, म्हणजे चिडतील. चिडले की थांबत नाहीत. मी मध्ये पडणार नाही. मी स्वयंपाकघरात असेन, पण कान तिकडेच असेल, तेवढं चालवून घे.

लेकरांना आजीकडे ठेव, नवऱ्याला म्हणावं तुझा तू डबा कर दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळीच ये, रविवारी जेवूनच जा. ह्या शुक्रवारी जमलं तर ह्याच. गादी वरून काढून उन्हात टाकली आहे मी. ये गं लवकर.